कमळ, अळू आणि साहेब

आमच्या अंगणात हौद खणायचं ठरलं तेव्हा पूर्णेत टँकर चालू होते. गल्लीत दारोदार निळे ड्रम मांडलेले होते. नळाला पाणी आलं की बायका तव्यावरची पोळी तशीच टाकून पळायच्या. नेमक्या त्या दिवसांत आमच्या ह्यांनी फाटकापासून कडुनिंबापर्यंत चुन्याच्या फक्कीनं एक वाकडातिकडा आकार काढला. हौद चौकोनी का नको, असं मी विचारलं.

"चौकोनी हौद म्हशीला आसतो," ते म्हणाले. "ह्याला पाँड म्हनतात."

हे रेल्वेत होते. डबे जोडण्या-सोडण्यापासून सुरुवात केली आणि नोकरी संपत आली तेव्हा कुठं केबिनमध्ये बसायला खुर्ची मिळाली. मी चुडाव्याच्या शाळेत शिकवायची, रोज गाडीनं जाऊन-येऊन. दोघांच्या धावपळीत अंगणाकडे कुणी पाहिलं नव्हतं. तिथं एक कडुनिंब होता, एक तुळस होती आणि बाकी सगळे दगड. मुलं पुण्याला गेली, आम्ही दोघं निवृत्त झालो, आणि ह्यांना मोबाइलवरच्या एका माणसाचा नाद लागला. तो माणूस कुठल्यातरी हिरव्यागार मुलखात राहायचा. त्याच्या पाठीमागं कायम पाऊस पडत असायचा आणि तो हसत हसत सांगायचा की घरच्या घरी तळं करणं एकदम सोपं आहे.

त्याच्याकडून शिकून हे मला शिकवायला लागले. "पाँडमदी तीन परकारची झाडं लागतात. एक खाली मूळ धरून ऱ्हानारी, एक नुस्ती तरंगनारी, आन एक काठावर हुबी ऱ्हानारी."

"आपल्या नातेवाइकांतही तीनच प्रकार आहेत," मी म्हटलं. पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

आमच्या डाव्या हाताला किराणा दुकानवाल्यांचं घर आहे. त्या घरातली कर्ती बाई माझ्याच वयाची, महादेवाची मोठी भक्त. पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. गल्लीत कुणाच्या कुंपणावर किती जास्वंदी उमलल्या हे तिला जेवढं ठाऊक असतं तेवढं लावणाऱ्यालाही नसतं. कुंपणाबाहेर डोकावलेलं फूल देवाचं, असा तिचा नियम. आतल्या फुलांसाठी तिच्याकडे एक आकडा लावलेली काठी आहे. त्या काठीनं ती फुलाला बाहेर डोकावायला लावते.

खड्डा खणून सिमेंट झालं तेव्हा ती भिंतीपलीकडून बघायला आली.

"बाई, हे डबकं कशापायी करायलात?" गल्ली मला अजून बाईच म्हणते.

"कमळं लावायचीत म्हणे."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "कमळं व्हय? मंग चांगलं हाय की. थोडे डास झाले तर झाले."

बोअरचं पाणी हौदात पडायला लागलं तेव्हा मात्र मला लाज वाटली. समोरच्या घरातली सून रिकामी कळशी कमरेवर घेऊन बघत उभी होती. मी तिला म्हटलं, "भरून ने." तिनं नेली. मग तिच्या जावेनं नेली, मग आख्खी गल्ली आली, आणि संध्याकाळी हे स्टेशनकडून फिरून आले तोवर हौदात घोटाभर पाणी उरलं होतं.

"पाँडमधलं पानी कुनी नेत आसतंय का?" ते म्हणाले.

"तुमच्या त्या मोबाइलवाल्याला सांगा," मी म्हटलं. "म्हणावं, तुझ्यामागं पडतोय त्यातला थोडा पाऊस इकडं पाठव."

पाऊस सुरू झाल्यावर आम्ही झाडं आणायला परभणीला गेलो. तिथला नर्सरीवाला मोठा हसतमुख माणूस होता. जे मागाल ते त्याच्याकडे असायचं.

"कमळ आहे का?"

"हाय की."

"गुलाबी?"

"गुलाबीच हाय."

"निळं?"

"निळं बी हाय." आणि प्रत्येक वेळी त्याचं बोट त्याच एका टपाकडे.

आमचं तिथंच वाजलं. ह्यांना फुलं पाहिजे होती, मला पानं. आमच्या अंगणावर कडुनिंबाची सावली दुपार कलेपर्यंत असते. फुलांना ऊन लागतं, सावलीत पानंच बरी, हे कुणालाही कळेल. मी म्हटलं, वेखंड घेऊ, त्याला सावली चालते, पातं तलवारीसारखं सरळ असतं, आणि कुणाच्या घरी बाळ झालं तर मूळ उगाळायला होतं. काठाला अळू लावू. अळू तर मी राणीसावरगावच्या माझ्या भावाकडून आणते, त्याच्या विहिरीच्या पाटाला वडीचं काळ्या देठाचं अळू माजलंय.

"पाँड हाय हे," हे म्हणाले, "परसबाग न्हाई. लोकं काय म्हनतील, हौदात भाजी लावली म्हनून?"

नर्सरीवाल्यानं ताबडतोब त्यांची बाजू घेतली. गिऱ्हाइकाच्या घरात भांडण लागलं की खर्च करणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं, एवढं ज्ञान त्याला होतं. त्यानं ह्यांना छत्रीसारखा झुपका असलेलं एक गवत दाखवलं आणि ते परदेशी पाम असल्याचं सांगितलं. तसलं गवत माझ्या माहेरी ओढ्याच्या काठाला उगवतं आणि म्हशी त्याला तोंड लावत नाहीत. पण परदेशी म्हटल्यावर ह्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मी हट्टानं वेखंड घेतलं. गाडीत आमच्या दोघांच्या मध्ये कमळाचा टप होता आणि पूर्णा येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

थोड्याच दिवसांत कळलं की ते कमळ नव्हतंच. पान पाण्यावर चपटं झोपलेलं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत चीर. कमळाचं पान पाण्याच्या वर ताठ उभं राहतं आणि अखंड असतं, हे मी चौथीच्या पोरांना फळ्यावर काढून दाखवलेलं होतं.

"हे कुमुद आहे," मी सांगितलं.

"शाळेचं पुस्तक येगळं आन खरं कमळ येगळं," असं म्हणून त्यांनी पहिल्या पांढऱ्या फुलाचा फोटो काढला आणि 'आमच्या पाँडमधील कमळ' असं लिहून नात्यागोत्यात सगळीकडे पाठवला. हात जोडलेल्या चित्रांचा नुसता खच पडला. एकट्या आमच्या मुलानं लिहिलं, 'बाबा, ही वॉटर लिली आहे.' मग ते खरं झालं. मुलानं सांगितलेलं खरं असतं आणि बायकोनं सांगितलेलं पुस्तकातलं असतं.

हे परत परभणीला गेले. नर्सरीवाला जराही ओशाळला नाही. "कमळाच्याच भावकीतलं हाय ते," तो म्हणाला, "चुलतभाऊ समजा." पण पडून राहिलेला एक मोठा टप त्यानं काढून दिला, आणि त्यात खरोखरीचं कमळ होतं, चिखलात चांगलं मुरलेलं.

तेवढ्यावर थांबतील तर ते हे कसले. तरंगणारी झाडं राहिली होती ना. एका सकाळी स्कूटरच्या पुढं पोतं लावून आले. नदीच्या डोहातून जलपर्णी आणली होती, फिकट जांभळ्या फुलांची, फुकट. "एवढं सुंदर फूल," ते म्हणाले, "आन लोक नुसते बघत जातात." लोक का नुसते बघत जातात ते आम्हाला पुढच्या महिन्याभरात कळलं. जलपर्णी कुमुदावर चढली, गवतावर चढली, पाणी दिसेनासं झालं आणि पावसाळी वासावर तिचा वास वरचढ झाला. शेवटी आम्ही दोघांनी कमरा मोडेपर्यंत ती ओढून काढली आणि कडुनिंबाच्या मागं खड्ड्यात पुरली. ओढताना हे म्हणाले की ह्याचं खत उत्तम होतं. आपण खतच करायला निघालो होतो असा त्यांचा सूर होता.

त्याच संध्याकाळी अंग दुखत असताना पायरीवर बसून मी त्यांना विचारलं, "तुम्हाला हे कमळाचं खूळ आलं कुठून?"

 त्यांनी सांगितलं. नोकरीत नवे असताना त्यांचे वडील आजारी पडले होते. रजा पाहिजे होती. मोठे साहेब ऑफिसात भेटेनात म्हणून हे त्यांच्या बंगल्यावर गेले. शिपायानं सांगितलं, साहेब जेवतात, थांब. साहेब जेवले, मग झोपले. हे दुपारभर बागेत उभे राहिले. तिथं एक हौद होता आणि त्यात गुलाबी कमळं होती.

"बसायचं नाही का मग?"

"बस म्हनले न्हाईत. आन बसावं तर कुठं? नुस्ता हौद होता." ते म्हणाले. "मी फुलंच बघत हुबा ऱ्हायलो. एक फूल तर माझ्यासमोर मिटायला लागलं. तवाच मनात म्हनलं, आपलं घर झालं की असा हौद करायचा."

"आणि रजा?"

"चहाच्या वक्ताला साहेब भाईर आले आन म्हनले, उद्या ऑफिसात ये."

मला संताप आला. ज्या माणसानं ह्यांना कुळवाच्या बैलासारखं उन्हात उभं केलं, त्याच्या हौदाची ह्यांनी नक्कल केली होती, सिमेंट लावून. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "साहेबाचा राग येगळा. फुलांनी काय केलं?" 

खरं कमळ आल्यावर त्याला ऊन देणं भाग होतं. आमच्या हौदात उन्हाचा एकच कोपरा आहे, तो किराणावाल्यांच्या भिंतीलगतचा. टप तिथं गेला. पानं पाण्यावर ताटाएवढी उभी राहिली. हे सकाळी दात घासायच्या आधी तिथं जाऊन बसायचे. श्रावणात एक कळी आली. तिची माहिती पुण्यापर्यंत पोचली.

आणि त्याच सुमाराला तेच साहेब पूर्णेवरून जाणार असल्याचं कळलं. नांदेडला त्यांच्याकडचं लग्न होतं. ह्यांच्या एका जुन्या सोबत्यानं नंबर दिला आणि ह्यांनी फोन लावला. फोनवर ते उभं राहून बोलले. "व्हय सर. न्हाई सर. जेवूनच जायचं सर." साहेब सोमवारी येणार म्हणाले. ह्यांनी कळीकडे बघून हिशोब घातला, सोमवारी फूल पूर्ण उमलणार. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. श्रावणी सोमवार होता.

सोमवारी सकाळी टपात ताठ देठ होता आणि वर काही नव्हतं.

हे चप्पल न घालता शेजारी गेले. मी मागोमाग गेले. देवघरात पिंडीवर आमचं कमळ होतं, भस्माची बोटं उमटलेलं, आणि पुढं ती डोळे मिटून बसलेली. आम्ही उभे राहिलो. तिनं पूजा आटोपूनच डोळे उघडले.

"दादा, देवालाच वाहिलंय," ती म्हणाली. "मी काय वेणीत माळलं न्हाई."

"पर इचारायचं तरी."

"देवाच्या कामाला इचारायचं म्हंजी तुमी न्हाई म्हननार, आन मंग तुमालाच पाप लागनार. तुमचं पाप वाचिवलं मी."

हे असे बसले की मलाच कसंतरी झालं. त्यांनी तिला सगळं सांगितलं, साहेब येतात, फुलासाठीच सगळा खटाटोप आहे. देवाला वाहिलेलं उचलून आणणं त्यांच्यानं होणार नव्हतं. ती विचारात पडली. मग म्हणाली, "पूजा तर झाली. आता हे निर्माल्य. निर्माल्य पान्यातच सोडतात. तुमच्या हौदात सोडलं तर शास्त्राला धरूनच हाय."

अशा रीतीनं आमचं फूल आमच्याच हौदात विसर्जनासाठी आलं. तिनं ते स्वतः सोडलं, हात जोडून. बिनदेठाचं कमळ कुमुदाच्या एका पानावर कलंडून बसलं. पाकळ्यांना भस्म आणि एका बाजूला बेलाचं पान चिकटलेलं. ह्यांनी काठीनं त्याला जरा सरळ केलं.

साहेब बारा-एकला आले. माझ्या डोळ्यांपुढं कुणी आडदांड माणूस होता. गाडीतून उतरले ते एक वाळलेले, कानात यंत्र घातलेले गृहस्थ, एका हातानं ड्रायव्हरला धरून. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की त्यांना साखर वर्ज्य आहे. पुढं त्यांनी ताटातली जिलबी संपवली आणि आणखी मागितली.

ह्यांनी घरातली सगळ्यात चांगली खुर्ची हौदाकाठी मांडली होती. साहेब बसले. हे त्यांच्या बाजूला उभे राहिले, हात पुढं बांधून. खिडकीतून मला ते दिसलं. मी दुसरी खुर्ची उचलली आणि बाहेर नेऊन ह्यांच्या मागं ठेवली.

"बसा," मी म्हटलं.

"आसू दे, मी बरा हाय."

"बसा," मी परत म्हटलं. शाळेत जो आवाज काढला की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा बसायची, तो आवाज होता. हे बसले, पण खुर्चीच्या कडेला, जेमतेम.

"सर," ते म्हणाले, "तुमच्या बंगल्यावर असाच पाँड होता. कमळं होती गुलाबी."

साहेबांनी कानाचं यंत्र नीट केलं. "हौद? हां, होता एक. माझ्या आधीच्या साहेबांनी केलेला. डासांनी जीव नकोसा केला हो. मी तो बुजवून टाकला. वर गाडीसाठी शेड केली." मग पाण्याकडे बघून म्हणाले, "हे फूल असं आडवं का? आणि ह्याला पांढरं काय लागलंय? रोग आहे. औषध मारा."

हे म्हणाले, "मारतो सर."

त्यांनी दुसरं काही म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

साहेबांना काठावरचं अळू मात्र आवडलं. ते मी ह्यांच्या विरोधाला न जुमानता भावाकडून आणून लावलं होतं. मी पुढं ठेवलेल्या अळूवडीच्या ताटाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हीच का ती पानं? मी म्हटलं, हीच. "वा, हे कामाचं झाड," साहेब म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. जेवताना साहेब बराच वेळ बोलले, आता त्यांना कुणी फोन करत नाही, मुलगा विचारत नाही, ड्रायव्हर उलटं बोलतो. ड्रायव्हर तिथंच जेवत होता, तो हसला. निघताना साहेबांनी ह्यांना नावानं हाक मारली, पण ते नाव ह्यांचं नव्हतं, ह्यांच्या त्या सोबत्याचं होतं.

गाडी गेल्यावर हे हौदाशी जाऊन बसले. मी चहा नेला.

"मला हुबं केल्यालं त्यांना आठवत न्हाई, ते समजू शकतो," ते म्हणाले. "लय मानसं हुबी ऱ्हायची तिथं. पर फुलं? रोज खिडकीतनं दिसायची त्यांना."

मी त्यांची थट्टा करायला तोंड उघडलं होतं. केली नाही. चहा निवला म्हणून परत आत जाऊन गरम करून आणला.

चार दिवस ते हौदाकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी उठून शेजारी गेले आणि किराणावालीला म्हणाले, तुमच्या गच्चीवर दिवसभर ऊन आसतंय, कमळाचा टप तुमी घ्या. ती आधी घाबरली, तिला वाटलं टोमणा आहे. नंतर दोन माणसं लावून तिनं टप वर चढवला. आता तिच्या गच्चीवर कमळं येतात, भरपूर येतात, आणि ती चोरांच्या धास्तीनं जिन्याला कुलूप लावते. गल्लीतल्या दुसऱ्या एका भक्त बाईनं फूल मागितलं तर तिला म्हणाली, "इकत घ्यावं बाजारातून. दुसऱ्याच्या झाडाची फुलं देवाला चालत न्हाईत."

आमच्या हौदात कुमुद आहे. सावलीत त्याला वर्षातून मोजकी फुलं येतात. परदेशी पाम पहिल्याच उन्हाळ्यात वाळला. वेखंड टिकलंय. अळू दुसऱ्या टोकापर्यंत पसरलंय आणि श्रावण-भाद्रपदात गल्लीतल्या बायका फाटकातून सरळ आत येऊन पानं कापून नेतात. हे त्यांना कवळी पानं कुठली ते दाखवतात. पानं ताठ काळ्या देठाचीच घ्या, खाजत न्हाईत, असं बजावतात.

परवा मागच्या गल्लीतले एक नवे निवृत्त गृहस्थ आले. त्यांनाही अंगणात तळं करायचं होतं. त्यांच्याही मोबाइलमध्ये तोच माणूस होता, पावसासकट. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली, आणि झाडं कोणती निवडावीत यावर असं काही बोलले की जन्मभर ह्यांनी दुसरं काही केलंच नसावं. सावली बगा, पानी बगा, जलपर्णी हातात धरू नका, काठाला अळू लावाच. गृहस्थ भारावून ऐकत होते.

"आणि कमळ?" त्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "ऊन आसंल तर लावा. आन भिंतीपासून लांब लावा."